माथा आणि पायथा : मेळघाटचे जंगल, वानचे पाणी आणि आपण

अकोटच्या कोणत्याही मोकळ्या शिवारात उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळसर रांग दिसते. पावसाळ्यात ती ढगांत बुडते, उन्हाळ्यात धुळीत हरवते आणि दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत इतकी जवळ भासते की हात लावावा. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात ही रांग म्हणजे क्षितिजाची शोभा, श्रावणातली धारगडची यात्रा किंवा शाळेच्या सहलीत पाहिलेला नरनाळा किल्ला एवढीच असते. प्रत्यक्षात अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानाचे जीवन या डोंगरावर पडणाऱ्या पावसाशी बांधलेले आहे. हा संबंध भूगोलाच्या अंगाने समजून घेणे आणि त्यातून आपल्यावर येणारी जबाबदारी ओळखणे, हा या अभ्यासलेखाचा हेतू आहे.

पाणलोट : निसर्गाने आखलेली सीमा

एखाद्या ठिकाणी पडलेले पावसाचे पाणी ज्या एका ओढ्याला किंवा नदीला जाऊन मिळते, त्या सर्व भूभागाला त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. जिल्हा, तालुका, गावशीव या माणसाने आखलेल्या सीमा आहेत. पाणलोटाची सीमा डोंगराच्या कड्यांनी आणि जमिनीच्या उताराने ठरते, आणि पाणी तीच सीमा मानते.

मेळघाट या नावातच घाटांचा मेळ आहे. सातपुड्याच्या या भागाला गाविलगड डोंगररांग म्हणतात. चिखलदऱ्याजवळील वैराटचे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे ११७८ मीटर उंच आहे. रांगेच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तरेकडील पाणी सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्यांतून थेट तापीकडे जाते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि ज्या वनातून ती वाहते त्याला हे नाव शोभते. दक्षिण उतारावरचे पाणी वान, शहानूर, चंद्रभागा, सापन अशा नद्यांतून आपल्या मैदानात उतरते आणि पूर्णेला मिळते. पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला भेटते. माथ्यावर एकमेकांपासून काही पावलांवर पडलेले दोन थेंब एवढा मोठा वळसा घालून शेवटी एकत्र येतात आणि सुरतजवळ अरबी समुद्रास मिळतात.

नदीचे संपूर्ण खोरे हेच नियोजनाचे एकक धरले पाहिजे, हा विचार आपल्या देशात रुजवण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्या काळात झाली. प्रांतांच्या सीमांसाठी नदीचे तुकडे पाडू नयेत, तिच्या पाण्याचा सिंचन, वीज, पूरनियंत्रण अशा सर्व अंगांनी एकत्र विचार व्हावा, ही त्यांची भूमिका होती. तोच दृष्टिकोन आपल्या लहानशा वान नदीला लावून पाहू.

वान नदीची गोष्ट

वान नदी सातपुड्याच्या वनातून उतरते आणि तेल्हारा तालुक्यातील वारी भैरवगड येथे डोंगराच्या तोंडाशी अडवली जाते. या धरणाच्या जलाशयाला हनुमान सागर म्हणतात. उपयुक्त साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर आहे. आकडा मोठा वाटला तरी त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची यादी त्याहून मोठी आहे. अकोट व तेल्हारा ही शहरे, प्रादेशिक योजनेतील ८४ खेडी, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगावसारखे गाव, आणि त्याशिवाय कालव्याखालचे शेत. या पाण्यातून आणखी दूरच्या गावांना वाटा द्यायचा की नाही, यावरून अलीकडच्या वर्षांत तेल्हारा-अकोट भागात आंदोलने झाली. एका बाजूला शेताची तहान आणि दुसऱ्या बाजूला माणसाची तहान असताना कोणाचाही दावा हसण्यावारी नेण्याजोगा नसतो. मात्र त्या साऱ्या चर्चेत एक प्रश्न क्वचितच ऐकू आला. धरणात येणारे पाणी कोठून येते, आणि ते तसेच येत राहील याची काळजी कोण घेते?

उत्तर धरणाच्या वरच्या अंगाला आहे. हनुमान सागराच्या माथ्यावर वान अभयारण्याचे जंगल पसरले आहे. नदीत येणारे पाणी किती गढूळ असेल, ते किती महिने झिरपत राहील, जलाशयात गाळ किती वेगाने साचेल, हे बऱ्याच अंशी त्या जंगलाच्या प्रकृतीवर ठरते.

जंगल पाण्याचे नेमके काय करते?

जंगल पाऊस पाडते, असे सरसकट विधान आपण भाषणांत ऐकतो. ते थोडे सावधपणे घ्यावे. वऱ्हाडात पडणारा पाऊस मुख्यतः समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांचा आहे, आणि सातपुड्याची उंची त्या वाऱ्यांना वर ढकलते म्हणून डोंगरात मैदानापेक्षा अधिक पाऊस होतो. शिवाय झाडे स्वतःही पाणी पितात आणि पानांवाटे हवेत सोडतात. मग जंगलाचे खरे काम कोणते?

मेळघाटचे जंगल उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग हा इथला प्रमुख वृक्ष. त्याच्यासोबत ऐन, धावडा, तिवस, हळदू, कळंब, मोह, तेंदू, सालई, आवळा आणि ओढ्याकाठी बांबू. उन्हाळ्यात यातील बहुसंख्य झाडे पाने टाकून आपली तहान कमी करतात. त्या पानांचा थर जमिनीवर पडतो. जूनचा पहिला जोरदार पाऊस आधी झाडोऱ्यावर, मग या पाचोळ्यावर आदळतो आणि त्याचा मारा बोथट होतो. पाचोळ्याखाली वाळवी, गांडुळे आणि जुन्या मुळांनी जमीन सच्छिद्र केलेली असते. तिच्यातून पाणी खाली मुरते, बेसाल्ट खडकाच्या भेगांत शिरते आणि आठवड्यांनी, महिन्यांनी झऱ्यांच्या रूपाने ओढ्यात परत येते. म्हणजे जंगल पावसाच्या चार महिन्यांचे पाणी वर्षभरावर पसरवते आणि माती जागेवर धरून ठेवते. उघड्या डोंगरावर तोच पाऊस पडला तर तो तासाभरात गढूळ लोंढा होऊन निघून जातो. धरण भरते खरे, पण पाण्याबरोबर मातीनेही भरते.

सातपुड्याच्या पायथ्याशी आणखी एक किमया घडते. डोंगरातून वेगाने आलेले ओढे सपाटीवर येताच मंदावतात आणि गोटे, रेती, भरड वाळू टाकून देतात. हजारो वर्षांत साचलेल्या या भरड गाळाच्या पट्ट्यातून पाणी सहज खाली जाते. पोपटखेडपासून अंजनगावपर्यंतच्या पायथ्यालगतच्या गावांना गोड पाण्याच्या विहिरी लाभल्या त्या यामुळे. अकोट-अंजनगाव परिसरातील संत्रा, केळी, पानपिंपरी, विड्याची पाने ही सारी समृद्धी या पट्ट्याची देणगी आहे. मात्र गेल्या काही दशकांत विंधन विहिरींची खोली वाढत गेली. डोंगर जेवढे पाणी जमिनीत घालतो त्याहून अधिक आपण उपसत आहोत, एवढाच त्याचा अर्थ.

खारपाणपट्ट्याचा धडा

पायथा सोडून दक्षिणेला पूर्णेच्या दिशेने निघालो की काही कोसांत पाण्याची चव बदलते. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सुरू होतो. या पट्ट्यात सुमारे ८९४ गावे मोडतात. येथे पूर्णेने साचवलेल्या चिकण गाळाचा थर फार जाड आहे. त्यातील क्षार धुऊन निघत नाहीत आणि विहिरीचे पाणी मचूळ किंवा खारट लागते. ते पाणी शेताला दिले तर जमीन घट्ट होते, चोपण होते. पिण्याला वापरले तर डाळ शिजत नाही आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वाढतात. या गावांतील आयाबहिणींनी गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठी किती पिढ्या पायपीट केली, हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

या गावांच्या नळाला जेव्हा वानचे पाणी आले, तेव्हा खारपाणपट्ट्यातील माणसाचा थेट संबंध सातपुड्याच्या माथ्यावरील झाडाशी जोडला गेला. पायाखालचे पाणी पिण्याजोगे नाही, म्हणून डोंगरावरचे पाणी हाच त्यांचा आधार आहे. महाराष्ट्रातील फार थोड्या भागांत जंगल आणि पिण्याचे पाणी यांचे नाते इतके उघड दिसते.

संरक्षणाची पन्नास वर्षे

१९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाटची निवड झाली. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९९७ मध्ये नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही तीन अभयारण्ये जाहीर झाली. यांपैकी नरनाळा आणि वान आपल्या अकोट-तेल्हाऱ्याच्या उत्तरेला आहेत.

योजना वाघाच्या नावाची असली तरी तिने राखले ते संपूर्ण पाणलोट. वाघ जगायचा तर सांबर, गवा, रानडुक्कर हवेत, त्यांना गवत आणि पाणवठे हवेत, आणि त्यासाठी जंगल अखंड हवे. त्याच अखंड जंगलातून आपल्या नद्या निघतात. याच सातपुड्याने जगाला आणखी एक आश्चर्य दिले. रानपिंगळा हा लहान घुबडासारखा पक्षी १८८४ नंतर शास्त्रज्ञांना जिवंत आढळला नव्हता. तो नामशेष झाला असे मानले जात होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात तो पुन्हा दिसला आणि नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचे आढळले.

माथ्यावरून पायथ्याशी आलेली माणसे

येथपर्यंतचा इतिहास आनंदाने सांगता येतो. पुढचा भाग अधिक गंभीर आहे आणि तो वगळून हा धडा पूर्ण होणार नाही.

या डोंगरात कोरकू समाज पिढ्यान्पिढ्या राहत आला आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली असून तिच्या बहिणी, मुंडारी आणि संताळी, दूर झारखंडकडे बोलल्या जातात. कोदो, कुटकी, ज्वारीची शेती, मोहफुले, तेंदूपाने, डिंक, मध यांवर त्यांचा संसार चाले. जंगल त्यांच्यासाठी कोठार, दवाखाना आणि पूर्वजांचे स्थान होते.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गावे बाहेर हलविण्यास या शतकाच्या आरंभी वेग आला. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम अकोट तालुक्यात आणून वसविली गेली. पुढील काळात आमोणा, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी गावे अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात उतरली. गावे उठल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांत गवताळ कुरणे वाढली, तृणभक्षी प्राणी वाढले. वनाच्या दृष्टीने ही मिळकत खरी आहे. अनेक कुटुंबांना रस्ता, वीज, शाळा आणि दवाखाना जवळ आला, हेही खरे आहे.

परंतु प्रत्येक कुटुंबाला मिळणारी रक्कम, आधी १० लाख आणि पुढे १५ लाख रुपये, पैशाच्या व्यवहाराची सवय नसलेल्या हातांत फार काळ टिकली नाही. जमीन न मिळालेल्यांना मजुरीशिवाय मार्ग उरला नाही. जंगलात न विकत घेता मिळणारे सरपण, भाजी, औषध, फळ येथे विकत घ्यावे लागले. शेती, आरोग्य व इतर सोयींबाबतची आश्वासने पूर्ण झाली नाहीत, अशी तक्रार घेऊन काही कुटुंबे पुन्हा जंगलातील जुन्या गावठाणांकडे परतली. जानेवारी २०१९ मध्ये तेथे ग्रामस्थ आणि बंदोबस्तावरील कर्मचारी यांच्यात संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. त्या दिवशी जखमी झालेला वनरक्षकही आपल्याच गावाकडचा गरीब घरचा मुलगा होता आणि आदिवासी बांधवही आपलाच शेजारी होता.

कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती, दोन्हींनुसार गाव हलवायचे तर ते ग्रामसभेच्या जाणत्या संमतीनेच आणि पुनर्वसनाची पूर्ण व्यवस्था झाल्यावरच. ज्यांनी आपली जागा सोडली त्यांच्या त्यागातून वनाला शांतता मिळाली आणि त्या वनातून आपल्या नळाला पाणी आले. म्हणून त्यांचे पुनर्वसन हा केवळ एका खात्याचा विषय राहत नाही. वानचे पाणी पिणारा प्रत्येक जण त्यांचा देणेकरी आहे.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही हा पेच दिसतो. पाचव्या स्तंभलेखात त्याने अनेक प्राण्यांना अभय दिले आणि विनाकारण जंगले जाळू नयेत अशी आज्ञा केली. दुसऱ्या शिलालेखात विहिरी खोदल्याचा आणि झाडे लावल्याचा उल्लेख आहे. त्याच अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप सांगताना राज्यातील अटवीजनांना, म्हणजे वनात राहणाऱ्यांना, समजुतीने वागण्यास सांगितले आणि सोबतच आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून दिली. वनावर करुणा आणि वनवासीयांना ताकीद, असे दोन सूर एकाच राजाच्या वाणीत आहेत. सव्वादोन हजार वर्षांनंतर आपली कसोटी तीच आहे. करुणेची कक्षा वाघापाशी आणि झाडापाशी थांबवायची, की माणसालाही तिच्यात घ्यायचे?

दोघांना जगवणारी वाट

ही दोन हिते एकमेकांच्या विरोधातच असतात असे मानण्याचे कारण नाही. परतवाड्याजवळ मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या कोरकू गावाने ते दाखवून दिले. वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा ती टेकडी जवळपास उजाड होती. ग्रामसभेने चराई आणि तोड यांवर स्वतः बंधने घातली, समतल चर खोदले, झाडे लावली, राखण केली. सीताफळे आणि तेंदूपाने यांच्या विक्रीतून गावातच रोजगार उभा राहिला. २०१४ मध्ये या कामाला राष्ट्रीय पातळीवरील जैवविविधता पुरस्कार मिळाला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याची स्थिती वेगळी आहे, हे लक्षात ठेवूनही यातून एक गोष्ट शिकता येते. लोकांच्या हाती हक्क आणि लाभ दोन्ही असले की ते पाणलोट राखतात.

आपल्या हाती काय आहे?

डोंगर राखणे हे वनखात्याचे काम, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. काही गोष्टी आपल्या दाराशी आहेत.

पहिली गोष्ट वणवा. मेळघाटातील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहफुले दिसावीत म्हणून पेटवलेला पाचोळा किंवा वाटसरूने टाकलेली विडी पुरेशी असते. पाचोळा जळाला की पाणी मुरवणारा थरच नाहीसा होतो. दुसरी गोष्ट यात्रा. श्रावणात हजारो भाविक धारगडला जातात. त्यांच्यामागे उरणारे प्लास्टिक त्याच ओढ्यांतून खाली येते. तिसरी गोष्ट उपसा. पायथ्याच्या बागायतदारांनी ठिबक सिंचन, विहीर पुनर्भरण आणि पिकांची निवड यांकडे वळणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. चौथी गोष्ट मोठ्या प्रकल्पांबाबतची जागरूकता. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेचा सुमारे ३९ किलोमीटरचा भाग व्याघ्र प्रकल्पातून जात होता. रुंदीकरणासाठी जुनाच मार्ग घ्यावा की वनाला वळसा घालून जावे, हा वाद अनेक वर्षे चालला. अकोटकरांना रेल्वे हवी आणि पाणीही हवे. असा निर्णय घेताना दोन्हींचा हिशेब मांडता यावा, यासाठीच शिक्षण असते.

पाचवी गोष्ट सर्वांत जवळची आहे. डोंगरावरून आलेल्या कुटुंबांची मुले आज आपल्या तालुक्यातील शाळांत आणि वसतिगृहांत शिकत आहेत. शाळेत ती मराठी शिकतात आणि घरी कोरकू बोलतात. त्यांच्या आजोबांना ज्या झऱ्यांची नावे ठाऊक होती, ती नावे आपल्या कोणत्याही नकाशावर नाहीत. त्या मुलाला वर्गात मागे बसलेला 'पुनर्वसित' म्हणून न पाहता पाणलोटाच्या माथ्याचा जाणकार म्हणून पाहिले, तर त्याचे शिक्षण सन्मानाने होईल आणि आपलेही ज्ञान वाढेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क हा माणुसकीचा हक्क म्हणून मांडला गेला. त्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने, ज्यांच्या डोंगरातून आपले पाणी येते त्यांना त्यांच्याच पायथ्याशी उपरे वाटू देऊ नये.

पाणलोट विकासाच्या कामात 'माथा ते पायथा' असा क्रम सांगितला जातो. काम आधी माथ्यावर करावे, मग खाली यावे. कृतज्ञतेचा प्रवास मात्र पायथ्याकडून माथ्याकडे झाला पाहिजे.

विद्यार्थी व पालकांसाठी अभ्यास

१. आपल्या घरी येणारे पिण्याचे पाणी कोणत्या नदीचे आहे? उगमापासून नळापर्यंतचा तिचा मार्ग नकाशावर रेखाटा.

२. आपल्या गावातील तीन विहिरींच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून वर्षभर नोंद ठेवा. पातळी कोणत्या महिन्यात सर्वांत खाली जाते?

३. एक हात उताराच्या उघड्या जमिनीवर आणि तेवढ्याच पाचोळा अंथरलेल्या जमिनीवर सारखे पाणी ओता. खाली येणाऱ्या पाण्याचे प्रमाण आणि रंग यांची तुलना करा.

४. घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठांना विचारून, खारपाणपट्ट्यात नळ येण्यापूर्वी पाणी कसे आणले जाई याची हकीकत लिहून काढा.

५. कोरकू भाषिक वर्गमित्राकडून त्याच्या भाषेतील पाणी, नदी, झाड, वाघ आणि पाऊस यांसाठीचे शब्द शिकून घ्या आणि वर्गाच्या फळ्यावर लिहा.